पुणे खाते, नावे

मला कॅनडाला नेण्यासाठीच्या अर्जात पहिल्या खेपेला माझ्या नवऱ्याने माझी दहा वर्षे चार ओळींत बसवली: विद्यार्थिनी, परीक्षेची तयारी, प्राध्यापिका, गृहिणी. २०२४ च्या सप्टेंबरातला रविवार होता. माझ्याकडे लातूरला रात्रीचे नऊ वाजले होते, त्याच्याकडे एडमंटनला सकाळचे साडेनऊ, आणि व्हिडिओ कॉलवर स्क्रीन दाखवत तो मला सांगत होता की हा भाग आता संपलाच. मग त्याने रकान्यांच्या वरची सूचना वाचली आणि गप्प झाला. गेल्या दहा वर्षांतला कोणताही काळ रिकामा सोडू नये, नोकरी नसेल त्या काळात काय करत होतात ते लिहावे, आणि सगळ्या काळाचा हिशेब न दिल्यास अर्जाला उशीर होईल, असे तेथे स्पष्ट म्हटले होते.

"तू पतसंस्थेतून कधी बाहेर पडलीस?" त्याने विचारले.

"नोटाबंदीनंतर."

"महिना सांग."

मला महिना सांगता आला नाही.

ज्यांचा या वाटेशी संबंध आलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. कॅनडाचा नागरिक किंवा कायम रहिवासी आपल्या पत्नीला अथवा पतीला तिकडे नेण्यासाठी अर्ज करतो तेव्हा तो ‘स्पॉन्सर’ होतो. म्हणजे तीन वर्षे तिच्या मूलभूत गरजांची जबाबदारी घेत असल्याचे सरकारला लिहून देतो. क्यूबेक प्रांताची रीत निराळी आहे, ती येथे नको. अर्जाची कागदपत्रे दोघांची मिळून असतात, पण जिला जायचे आहे तिचा खरा घाम काढतो तो ‘शेड्यूल ए’ नावाचा फॉर्म, क्रमांक ५६६९. त्यात एक तक्ता आहे. कधीपासून, कधीपर्यंत, काय करत होतात, कोणत्या गावी व देशात, त्या देशात तुमचा दर्जा काय, आणि मालकाचे, संस्थेचे किंवा शाळेचे नाव. अलीकडचे आधी लिहायचे आणि मागे मागे जायचे. त्याच फॉर्ममध्ये पुढे दहा वर्षांत जेथे जेथे राहिलात ते पत्ते द्यायचे असतात, आणि पत्ते व कामे यांचा मेळ बसावा लागतो. कामाच्या ओळीत पुणे आणि पत्त्याच्या ओळीत बार्शी असे दिसले, की कोणीतरी थांबून विचारणारच.

माझ्या नवऱ्याला या सगळ्याची सवय होती, पण ती दुसऱ्या प्रकारची. तो तिकडे शिकायला गेला, तेथेच नोकरीला लागला आणि ‘एक्स्प्रेस एन्ट्री’तून कायम रहिवासी झाला. त्या पद्धतीत नोकरीला गुण असतात. किती वर्षे, आठवड्याला किती तास, कोणत्या वर्गवारीचे काम, हे साहेबाच्या सहीच्या पत्रावर दाखवायचे, आणि पत्र जितके भक्कम तितके गुण पक्के. त्यामुळे माझी यादी करतानाही तो नकळत मला गुण मिळवून देण्याच्या खटपटीत होता. ‘प्राध्यापिका’ हा शब्द त्याने किती प्रेमाने टाइप केला होता! पत्नीच्या अर्जात मात्र नोकरीला गुण नसतात. मी दहा वर्षे घरी बसले असते तरी चालले असते. पत्नीला बोलावणाऱ्याच्या उत्पन्नालाही सहसा किमान मर्यादेची अट नसते. अधिकाऱ्याला माझी लायकी मोजायची नव्हती. ही बाई दहा वर्षे कोठे होती आणि काय करत होती एवढेच त्याला पाहायचे होते. हे मला पटायला दोन आठवडे लागले, कारण मी ज्या गावात आणि ज्या वयात वाढले तेथे नोकरीबद्दल विचारलेला प्रत्येक प्रश्न लायकीबद्दलचाच असतो.

म्हणून पहिला अडथळा तारखांचा नव्हता, शब्दांचा होता. नोकरी नसेल तर ‘अनएम्प्लॉइड’ लिहा, एवढे सोपे ते होते. मराठीत तो शब्द आपण स्वतःसाठी वापरत नाही. बेरोजगार हे वर्तमानपत्रातले लोक असतात, मोर्चातले असतात, योजनेचे लाभार्थी असतात. आपल्या घरातली मुलगी ‘सध्या घरीच असते’, ‘तयारी करते’, ‘बघणं चालू आहे’ किंवा ‘दुकानात लक्ष देते’. यातल्या प्रत्येक वाक्यात ती काहीतरी करते आहे आणि एकातही तिला पैसे मिळत नाहीत. माझ्या दहा वर्षांतली निम्म्याहून अधिक अशा वाक्यांत गेली होती, आणि फॉर्मच्या त्या चिंचोळ्या रकान्यात त्यांतले एकही वाक्य मावत नव्हते.

पतसंस्थेचे आधी सांगते, कारण ते त्यातल्या त्यात सरळ होते. एम.ए.ची शेवटची परीक्षा २०१५ च्या मे महिन्यात झाली. (विद्यापीठाचे नाव काय लिहायचे हाही एक घोळच होता. माझ्या पदवीवर ‘सोलापूर विद्यापीठ’ आहे, आणि २०१९ पासून त्याचे नाव पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर सोलापूर विद्यापीठ झाले आहे. पदवीवर आहे ते लिहिले.) त्यानंतर तीन महिने घरी होते आणि सप्टेंबरात गावातल्या एका पतसंस्थेत लेखनिक म्हणून लागले. पिग्मी एजंटांनी आणलेली दिवसाची रक्कम मोजून खतावणीला टाकणे, हे माझे मुख्य काम. ८ नोव्हेंबर २०१६ च्या रात्रीनंतर ते काम जवळपास थांबले. पतसंस्थेची खाती जिल्हा मध्यवर्ती बँकेत होती आणि जिल्हा बँकांना जुन्या नोटा घेण्यास आठवडाभरातच मनाई झाली. आमच्याकडे ठेवीदारांची रांग आणि तिजोरीत न चालणारे कागद. आमच्या संस्थेचे दुखणे अर्थात त्याआधीचे होते, नोटाबंदीने ते फक्त उघडे पडले. शेवटचा पगार डिसेंबरचा, तोही दोन हप्त्यांत मिळाला. अनुभवाच्या दाखल्यासाठी आता चौकशी केली तेव्हा कळले की संस्था अवसायनात गेली, म्हणजे कायमची बंद करायला काढली, दप्तर अवसायकाकडे आहे आणि अवसायक आठवड्यातून एकदा येतात, आले तर. दाखला मिळाला नाही. माझ्या पासबुकातल्या पगाराच्या नोंदींवरून महिने काढले. या अर्जात प्रत्येक नोकरीचे पत्र जोडण्याची सक्ती नाही, तारखा खऱ्या असल्या म्हणजे झाले, हे त्या वेळी ठाऊक असते तर तीन हेलपाटे वाचले असते.

त्यानंतरचे दीड वर्ष दुकानात गेले. आमचे वह्या-पुस्तकांचे आणि शालेय साहित्याचे दुकान आहे. जून-जुलैत श्वास घ्यायला सवड नसते आणि बाकीचे दहा महिने माशा मारायच्या, असा तो धंदा. २०१७ च्या जुलैला जीएसटी आला. वडिलांना संगणकाशी वैर, म्हणून नोंदणीपासून विवरणपत्रापर्यंत सगळे माझ्याकडे आले. तेव्हा छापील पुस्तकांवर कर नव्हता, वह्यांवर होता, कंपासपेटीवर निराळा होता. ही विभागणी करत मी दुकानातला प्रत्येक खण पुन्हा लावला. याला काय म्हणायचे? पगार नव्हता, नेमणूक नव्हती, आणि दुकानाच्या पाटीवरच्या ‘आणि सन्स’मध्ये मी बसत नव्हते. नवरा म्हणाला, "अनएम्प्लॉइड लिही, पगार नव्हता ना." मी म्हणाले, "सकाळी नऊ ते रात्री नऊ मी तिथं उभी होते, अनएम्प्लॉइड कशी?" त्या रात्री आमचे थोडे वाजलेच. शेवटी आम्ही ‘घरच्या दुकानात मदतनीस, बिनपगारी’ असे लिहिले आणि मालकाच्या रकान्यात वडिलांच्या दुकानाचे नाव. वडील आपले मालक होते ही गोष्ट मला त्या ओळीने प्रथम सांगितली.

पुण्याचा प्रश्न याहून अवघड होता. २०१८ च्या जुलैत मी एमपीएससीच्या तयारीसाठी सदाशिव पेठेत गेले. कॉट बेसिसवर जागा, एका खोलीत चौघी, खाली मेस, आणि दहा मिनिटांवर अभ्यासिका, जिचे महिन्याचे पैसे भरले की खुर्ची आपली. महाराष्ट्रात ‘तयारी करते’ म्हटले की एसटीच्या कंडक्टरलाही पुढचे काही विचारावे लागत नाही. तो पूर्ण वेळचा उद्योग आहे, त्याची वेळ आहे, गणवेश नसला तरी बॅग ठरलेली आहे, आणि त्यात बढती नसली तरी ज्येष्ठता आहे. पण फॉर्मच्या दृष्टीने मी विद्यार्थिनी नव्हते, कारण कोणत्याही संस्थेत माझा प्रवेश नव्हता. अभ्यासिका ही शाळा नव्हे. पावतीवर खुर्चीचा क्रमांक असतो, अभ्यासक्रम नसतो. ‘नोकरी नाही, स्पर्धा परीक्षेचा स्वतः अभ्यास’ असे लिहिले. ओळ बरोबर होती, तरी टाइप करताना हात जड झाला.

राज्यसेवेची जी पूर्वपरीक्षा ५ एप्रिल २०२० ला व्हायची होती ती करोनामुळे आणि नंतर इतर कारणांनी पुढे पुढे जात राहिली. ती १४ मार्च २०२१ ला ठरली आणि तीन दिवस आधी पुन्हा पुढे ढकलल्याचे जाहीर झाले, तेव्हा ११ मार्चला दुपारी मुले शास्त्री रस्त्यावर उतरली. मीही होते. परीक्षा अखेर २१ मार्चला झाली. फॉर्ममध्ये हे सगळे ‘२०२१/०३’ एवढ्यात येते.

त्याच शेड्यूलमध्ये थोडे पुढे एक प्रश्न आहे: तुम्ही कधी सरकारी पद भूषवले आहे का? उदाहरणादाखल न्यायाधीश, पोलीस अधिकारी, महापौर अशी नावे दिली आहेत. नवरा पुढे जायच्या घाईत होता. "नो ना?" तो म्हणाला. मी म्हणाले, "नो."

मग तासिकांची दोन वर्षे. सेट, म्हणजे प्राध्यापकपदासाठीची राज्य पात्रता परीक्षा, झालेली होते म्हणून एका वरिष्ठ महाविद्यालयात मला तासिका तत्त्वावर घेतले. ज्यांना ही भानगड ठाऊक नाही त्यांना सांगणे भाग आहे की या नेमणुकीत माणसाला पगार नसतो, तासाला मानधन असते. सत्र सुरू झाले की नेमणूक सुरू आणि सत्र संपले की तीही संपली. उन्हाळ्यात तुम्ही कोणी नसता. मानधनाची बिले सहा-सहा महिन्यांनी निघतात, आणि विद्यार्थी मात्र वर्षभर रस्त्यात ‘नमस्कार मॅडम’ म्हणतात. महाविद्यालयाच्या कार्यालयाने दिलेला दाखला नेमका होता: ऑक्टोबर २०२१ ते एप्रिल २०२२, आणि ऑगस्ट २०२२ ते एप्रिल २०२३. त्यामुळे नवऱ्याच्या एका ‘प्राध्यापिका’ या ओळीच्या चार ओळी झाल्या: तासिका, अनएम्प्लॉइड, तासिका, अनएम्प्लॉइड.

येथे खरी पंचाईत झाली. आमचे लग्न ठरवून झालेले आहे, आणि नाते खरे आहे हे दाखवण्यासाठी साखरपुड्याचे फोटो, दोन्ही घरच्यांचे संदेश वगैरेंबरोबर आम्ही माझा बायोडेटाही जोडायचे ठरवले होते, भाषांतरासह. त्या बायोडेटात, वर गणपती आणि खाली मामांचा फोन नंबर यांच्या मधोमध, स्वच्छ लिहिले होते: ‘नोकरी: प्राध्यापिका’. तो मे २०२३ मध्ये तयार झाला होता. म्हणजे एकाच पाकिटात एक कागद मला मे महिन्यात प्राध्यापिका म्हणत होता आणि दुसरा अनएम्प्लॉइड. आमच्याकडे दोन्ही कागद खरे मानले जातात. बायोडेटातली ‘प्राध्यापिका’ वाचणारा मुलाचा बाप स्वतःच ‘तासिका असेल’ असे मनात वजा करून घेतो. पण परक्या देशातल्या अधिकाऱ्याने ही वजाबाकी करावी अशी अपेक्षा कशी धरणार? खोटी किंवा दिशाभूल करणारी माहिती दिल्याचे ठरले तर त्यांच्या कायद्याच्या ४० व्या कलमाखाली पाच वर्षे दरवाजा बंद होतो. सल्ला देणारे भरपूर होते. एकाने सुचवले की मोकळ्या काळात मामांच्या फर्ममध्ये अकाउंटंट दाखव, ते पत्र देतील. मामा खरोखर द्यायला तयार होते, त्यांनी लेटरहेडसुद्धा काढले होते. मी नको म्हणाले त्यात तत्त्व किती आणि भीती किती, हे आजही नीट सांगता येत नाही. तत्त्वाचा वाटा फार नसावा.

आम्ही बायोडेटा जोडला आणि बरोबर एक पानी खुलासा दिला. तासिका तत्त्व म्हणजे काय, नेमणूक सत्रापुरती का असते, आणि लग्नाच्या बायोडेटात सत्रांमधल्या सुट्टीतही माणूस प्राध्यापक का राहतो, हे मी सरळ शब्दांत लिहिले. तिसरा मुद्दा लिहायला सर्वांत जास्त वेळ लागला.

राहिली होती पुण्याच्या महिन्यांची अचूकता. २०१८ ते २०२१ या काळात मी दोनदा खोली बदलली होती, मध्ये टाळेबंदी आली होती, आणि कॉट बेसिसवर कोणी भाडेकरार करत नाही. मालकीणबाई वहीत टिकमार्क करतात आणि विषय संपतो. पत्त्यांच्या यादीत ४११०३० हा पिनकोड किती महिने लिहायचा, हे ठरवायला माझ्याकडे कागदच नव्हता. ऑक्टोबरात दोन दिवस माहेरी बार्शीला गेले तेव्हा हे जेवताना बोलले. वडील हात धुऊन उठले आणि माळ्यावरून दुकानाचे रोजमेळ, म्हणजे रोजच्या जमाखर्चाच्या वह्या, काढून आणले. लाल कापडी बांधणीच्या लांबुडक्या वह्या. दरवर्षी दिवाळीच्या पाडव्याला नवी वही पुजून उघडायची, ही रीत त्यांनी जीएसटीनंतरही सोडलेली नाही. डाव्या बाजूला जमा, उजव्या बाजूला नावे, म्हणजे दिलेले पैसे.

"बघ त्यात," ते म्हणाले. "सगळं हाय."

होते. जुलै २०१८ पासून दर महिन्याच्या पाच-सहा तारखेला उजव्या बाजूला एकच ओळ: ‘श्री पुणे खाते नावे ६,०००’. माझे नाव कोठेही नाही. त्यांच्या हिशेबात मी एक खाते होते, दूध खाते आणि वीज खाते यांच्यामध्ये. एका महिन्यात ६,००० ऐवजी ९,०००, म्हणजे खोली बदलली तेव्हाची अनामत. दुसऱ्या बदलाच्या वेळीही तसेच. बोटाने ओळी मोजत मी वहीच्या मागच्या कोऱ्या पानावर महिने उतरवून काढले आणि पत्त्यांची यादी अर्ध्या तासात पुरी झाली. आधीच्या वह्यांत, जेथे मी दुकानात होते त्या दीड वर्षात, अक्षरच माझे होते. बिनपगारी मदतनिसाचा याहून चांगला पुरावा मला कोणत्याही कार्यालयाने दिला नसता, पण तो मागणारे कोणी नव्हते.

आई पलीकडे बसून शेंगा फोडत होती. कुटुंबाच्या माहितीचा जो वेगळा फॉर्म असतो त्यात आईवडिलांचा सध्याचा व्यवसायही विचारतात, म्हणून मी तिला विचारले की तुझ्यापुढे काय लिहू. दुपारी एक ते चार, वडील जेवून झोपतात तेव्हा, दुकानात गेली सत्तावीस वर्षे तीच असते.

"घरीच असते म्हणून लिही," आई म्हणाली.

"आणि दुपारचं?"

"ते दुपारचं झालं."

मी ‘गृहिणी’ लिहिले. वाद घालण्यात अर्थ नव्हता, आणि माझ्या ओळीसाठी नवऱ्याशी भांडले तशी तिच्या ओळीसाठी तिच्याशीच भांडायचे, हे जरा चमत्कारिक झाले असते.

टाळेबंदीच्या वर्षाची वही चाळताना मात्र मी अडखळले. टाळेबंदीच्या चार दिवस आधी, २१ मार्च २०२० ला, मी एसटीने घरी आले होते. ही तारीख पक्की आठवते, कारण दुसऱ्या दिवशी जनता कर्फ्यू होता. पुढे डिसेंबरपर्यंत मी बार्शीतच होते, आजीच्या खोलीत, तिची औषधे आणि माझी पुस्तके एकाच खिडकीत ठेवून. कॉट सोडून द्या, उगाच पैसे कशाला, असे मी एप्रिलमध्येच वडिलांना सांगितले होते आणि त्यांनी बरे म्हटले होते. वहीत एप्रिल २०२० ला ओळ होती: ‘श्री पुणे खाते नावे १,८००’. मेलाही १,८००. जूनला, जेव्हा शाळा उघडल्या नाहीत आणि डाव्या बाजूला जमा असे जवळजवळ काहीच नव्हते, तेव्हाही. पुढच्या वहीतल्या डिसेंबरपर्यंत नऊ ओळी. मेसचे आणि अभ्यासिकेचे पैसे वजा होऊन नुसते कॉटचे भाडे उरले होते.

म्हणजे वहीप्रमाणे मी ते नऊ महिने पुण्यात होते. फॉर्मला विचारायचे होते की मी प्रत्यक्ष कोठे राहत होते.

"मी सोडा म्हणाले होते ना कॉट," मी म्हणाले.

वडिलांनी चष्मा काढून पुसला. "तुझी पुस्तकं होती की तिथं," ते म्हणाले. "आणि जागा गेली असती तर जानेवारीत परत कुठं मिळाली असती?"

त्या रात्री नवऱ्याचा फोन आला तेव्हा मी त्याला नववी ओळ वाचून दाखवली: मार्च २०२० ते डिसेंबर २०२०, नोकरी नाही, स्पर्धा परीक्षेचा स्वतः अभ्यास, बार्शी, भारत, नागरिक. एकूण चौदा ओळी झाल्या होत्या. त्याने सगळ्या तारखा एकदा मोठ्याने वाचल्या, कोठे महिना निसटलेला नाही याची खात्री केली, आणि विचारले की पुण्याच्या तारखांसाठी काही कागद मिळाला का, असला तर स्कॅन करून ठेवू.

वह्या तोपर्यंत माळ्यावर परत गेल्या होत्या. वडील म्हणाले होते की त्या दुकानाच्या आहेत, कुठे पाठवायच्या नाहीत.